चंदीगडच्या खुर्च्या आणि आपली जडवस्तूंची नोंदवही



खुर्चीवर बोलायचं म्हटलं की आपल्या गावात आधी सरपंचाची खुर्ची आठवते. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून ती आज राहू द्या. मी बोलणार आहे ती खरोखरीची, बसायची खुर्ची. सागाच्या लाकडाची, हाताची, बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी असलेली. अशा खुर्च्या पूर्वी शाळेत, तहसील कचेरीत, सरकारी दवाखान्यात असायच्या. जाळी फाटली की त्यावर एखादी फळी नाहीतर पोत्याचा तुकडा टाकून शिपाई तीच खुर्ची अजून चार वर्षं चालवायचा. मग ती गोडाऊनमध्ये जायची आणि तिथून भंगारात.

आजचा विषय मुद्दाम घेतला, त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. जुन्या इमारतीतलं सगळं सामान आता लिलावात काढणार आहेत. आम्ही दोघीतिघी सदस्य आहोत, आम्हाला फक्त सही करायला सांगितलंय. त्यात बघण्यासारखं काही असतं का हो?" मी त्यांना म्हटलं, असतं. आणि त्यांना चंदीगडची हकिगत सांगितली. तीच तुम्हालाही सांगते, जरा सविस्तर.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पंजाबचे दोन तुकडे झाले आणि पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. निर्वासितांचे लोंढे येत होते आणि राज्याचा कारभार कुठून चालवायचा हा प्रश्न होता. तेव्हा पंडित नेहरूंच्या सरकारने ठरवलं की नवं कोरं शहर वसवायचं. शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी जागा निवडली. जवळ चंडीदेवीचं देऊळ होतं, त्यावरून नाव पडलं चंदीगड. ती जागा काही मोकळी नव्हती. तिथे गावं होती, शेतं होती, आंबराया होत्या. ती गावं उठवून हे शहर झालं. धरणात गाव गेलेल्या आपल्या बहिणींना यात काही वेगळं सांगायला नको.

शहराचा आराखडा करायला १९५१ मध्ये फ्रान्सहून ल कॉर्बुझिए नावाचे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी आले. त्यांच्याबरोबर त्यांचे लांबचे चुलत भाऊ पिएर जानरे आले, आणि इंग्लंडहून मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे नवरा-बायको, दोघेही वास्तुशिल्पी. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचे, नकाशे बघायचे, सूचना द्यायचे आणि परत जायचे. प्रत्यक्ष उन्हातान्हात उभं राहून काम करून घेतलं ते जानरे यांनी. ते १९६५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं तिथेच राहिले. तब्येत बिघडली म्हणून स्वित्झर्लंडला परतले आणि १९६७ साली गेले. पण जाताना त्यांची इच्छा होती की आपली राख चंदीगडच्या सुखना तलावात सोडावी, आणि तशी ती सोडली गेली. या माणसाने या खुर्च्यांचा नमुना काढला.

आता बघा, शहर नवं म्हटल्यावर सगळंच नवं लागणार. सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, ग्रंथालयं. एवढ्या सगळ्या माणसांना बसायला खुर्च्या पाहिजेत, लिहायला टेबलं पाहिजेत, फायलींना कपाटं पाहिजेत. सरकारकडे पैसा बेताचा. परदेशातून सामान आणणं परवडणारं नव्हतं, आणि मोठा यंत्रांचा कारखानाही नव्हता. होते ते सुतार, आरा, रंधा आणि पटाशी. तेव्हा नमुना असा काढायला हवा होता की कोणत्याही कार्यशाळेतल्या सुताराला तो जमेल.

ती खुर्ची कशी दिसते सांगते. मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक उघडा आणि टोकं खाली करून टेबलावर उभं धरा. तसे तिचे पाय. वर जवळ आलेले, खाली फाकलेले. एका बाजूला अशी एक जोडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. त्यांच्या वरच्या टोकावर आडवी रुंद पट्टी, तोच हात टेकायचा दांडा. पाय चांगले जाडजूड, उगीच नक्षी नाही, कोरीव काम नाही. या दोन बाजूंच्या मध्ये बैठकीची आणि पाठीची चौकट बसवलेली, आणि चौकटीत वेताची जाळी. फाकलेल्या पायांमुळे खुर्ची डुगडुगत नाही, माणूस धाडकन बसला तरी मागे कलंडत नाही. साग असल्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. आणि जाळीतून वारा खेळतो, म्हणून उत्तरेतल्या उन्हाळ्यात कारकुनाची पाठ घामाने चिकटत नाही. काही मोठ्या लोकांच्या खुर्च्यांना कातड्याची गादी होती, बहुतेकींना मात्र वेतच. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या काही खुर्च्यांना एका बाजूचा हात रुंद ठेवून त्यावर वही ठेवायची सोय केली होती.

वेताचं काम तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. वेत म्हणजे काटेरी वेल, जंगलात झाडांवर चढणारी. तिची वरची चिवट साल काढून तिच्या पट्ट्या करतात. त्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, चौकटीच्या कडेला पाडलेल्या भोकांतून ओवायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या दोन्ही बाजूंनी. मधे आठकोनी भोकं पडतात. पट्ट्या वाळल्या की जाळी ताठ होते. विणताना डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भिस्त असते. म्हणूनच आपल्याकडे कितीतरी अंध शाळांमध्ये हे काम शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायला अंध कारागीर बोलावत. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्या कारागिरांच्या पोटावर पाय आला, ही वेगळी गोष्ट, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर अशा हजारो खुर्च्या झाल्या. तीस-चाळीस वर्षं लोक त्यावर बसले. नंतर काय झालं ते आपल्या कुठल्याही कचेरीत झालं तेच. वेत सैल पडला, विणणारा मिळेना, साहेबांना फिरती खुर्ची हवी झाली, रेक्झिनचा, फोमचा जमाना आला. जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवल्या. पावसाने भिजल्या, उन्हाने तडकल्या. अधूनमधून लिलाव व्हायचा आणि भंगारवाले लॉटच्या लॉट उचलायचे. काहींचं जळण झालं.

१९९० च्या दशकाच्या शेवटाला पॅरिसचे काही व्यापारी चंदीगडला पोचले. त्यांना माहीत होतं की हा जानरेंचा नमुना आहे. त्यांनी लिलावांत रीतसर बोली लावली, भंगारवाल्यांकडून माल घेतला, कंटेनर भरले आणि नेले. तिकडे कसबी माणसांकडून लाकूड साफ केलं, नवा वेत भरला, प्रदर्शनं मांडली, जाड जाड पुस्तकं छापली. आज न्यूयॉर्क, लंडन, पॅरिसच्या लिलावात अशा एकेका खुर्चीला लाखांत किंमत येते. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध मंडळींच्या जेवणघरात त्या मांडलेल्या दिसतात. खुर्च्याच काय, चंदीगडच्या रस्त्यावरची गटाराची बिडाची झाकणं, ज्यांवर शहराचा नकाशा ओतलेला आहे, तीसुद्धा परदेशात लिलावाला गेली. एमी सीगल नावाच्या एका अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये यावर चित्रपट केला. त्यात तिने प्रवास उलटा दाखवलाय. आधी श्रीमंतांच्या घरातली खुर्ची, मग लिलाव, मग दुरुस्ती, मग जहाज, आणि सगळ्यात शेवटी चंदीगडची कचेरी.

हे ऐकून पहिल्यांदा राग येतो. मलाही आला होता. पण व्यापाऱ्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, आम्ही चोरी केली नाही, तुम्ही विकलंत, आम्ही घेतलं. तुम्ही जाळत होतात, आम्ही वाचवलं. बहुतेक व्यवहार खरोखरच सरकारी शिक्क्यानिशी झालेले होते. मग चूक कुठे झाली?

आपण बायकांना हे पटकन कळेल. सोनाराकडे जुना दागिना मोडायला नेला की तो काय करतो? वजन करतो आणि सोन्याचा भाव देतो. घडणावळ धरत नाही. करताना आपण घडणावळ मोजलेली असते, पण मोडताना ती शून्य. तांब्याचा हंडा, पितळेची घागर आपल्या आया-सासवांनी अशीच मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले. बोहारणीने दोन साड्यांवर एक पातेलं दिलं म्हणून खूश झालो. चंदीगडच्या कचेऱ्यांनी खुर्ची विकली ती मोडीच्या भावात, जळाऊ लाकूड म्हणून. पॅरिसच्या व्यापाऱ्याने विकली ती सगळी घडणावळ. लाकूड तेच, वेत तर उलट नवा. मधे वाढली ती माहिती: हे कोणी केलं, कधी केलं, कुठे वापरलं.

आणि गंमत पुढेच आहे. ही माहिती सिद्ध कशाने होते? या खुर्च्यांच्या मागे किंवा पायावर कोणीतरी रंगाने अक्षरं आणि आकडे काढलेले आहेत. कुठल्या खात्याची, कुठल्या ग्रंथालयाची, कितव्या नंबरची. त्या काळच्या कुणा कारकुनाने किंवा शिपायाने ब्रश घेऊन, पत्र्याचा साचा धरून ते नंबर घातले. का? तर जडवस्तूंच्या नोंदवहीशी मेळ बसावा म्हणून. आज परदेशातल्या लिलावाच्या पुस्तकात खुर्चीच्या फोटोशेजारी त्या अक्षरांचा वेगळा फोटो छापतात. अक्षरं असली की खुर्ची अस्सल. इतकं की आता नकली खुर्च्या करणारे नकली अक्षरंही रंगवतात. सरकारी बाबूच्या हाताचे ते वेडेवाकडे आकडे, त्यांची नक्कल होईल असं त्या बाबूला कधी वाटलं नसेल.

हा सगळा माल देशाबाहेर जाताना कायदा काय करत होता असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. पण त्यात वस्तू साधारण शंभर वर्षांची असली तरच ती पुरावस्तू. या खुर्च्या तेवढ्या जुन्या नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते जुनं फर्निचर, बस्स. ओरड झाल्यावर २०११ मध्ये केंद्राच्या गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरची विक्री थांबवण्याचा आदेश काढला. मोजदाद झाली, तेव्हा शहरात अशा १२,७९३ वस्तू शिल्लक असल्याची यादी झाली. २०१६ मध्ये तिथला सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालयाचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. जानरे राहायचे ते सेक्टर पाचमधलं घर आता संग्रहालय आहे. पण जे गेलं ते गेलं, आणि मोजदाद झाल्यावरही चोऱ्या झाल्याच्या बातम्या येतच असतात.

आता नावाचं बोलू. लिलावाच्या पुस्तकांत नाव असतं पिएर जानरे. त्यांचा मोठेपणा मला मान्य आहे; तो माणूस साधा होता, स्वतःच्या घरासाठी बांबूची, दोरीची फर्निचरं करून बघायचा. पण त्या कचेरीत एक भारतीय बाई काम करत होती, उर्मिला युली चौधरी. देशातल्या सुरुवातीच्या महिला वास्तुशिल्पींपैकी एक. फर्निचरच्या कामात जानरेंबरोबर तिचा मोठा वाटा होता. पुढे ती चंदीगडची मुख्य वास्तुशिल्पी झाली. तरी कितीतरी वर्षं खुर्च्यांबरोबर तिचं नाव कोणी घेत नव्हतं. आता कुठे अभ्यासक ते लिहू लागलेत. कॉर्बुझिएंच्या बाबतीत ही तऱ्हा जुनीच. १९२७ साली शार्लोत पेरियाँ नावाची तरुण मुलगी पॅरिसमध्ये त्यांच्याकडे काम मागायला गेली, तेव्हा आमच्याकडे उशांवर भरतकाम होत नाही असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं. थोड्याच दिवसांनी तिचं काम पाहून तिलाच बोलावून घ्यावं लागलं. त्यांच्या कचेरीच्या नावाजलेल्या खुर्च्या तिच्या सहभागाने झाल्या.

आणि सुतार? ते तर कुठेच नाहीत. रंधा कोणी मारला, साल कोणी सोलली, जाळी कोणी विणली, एक नाव नाही. चंदीगडच्या बांधकामाचे जुने फोटो बघितले तर डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायांच्या रांगा दिसतात. त्यांचीही नावं नाहीत. खुर्चीवर नंबर घालायला माणूस होता, पण ती करणाऱ्याचं नाव लिहायला वहीत रकानाच नव्हता.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. मी स्वतः शाळेत नोकरी केली आणि बरीच वर्षं जडवस्तू संग्रह नोंदवही, ज्याला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, ते माझ्याकडे होतं. काम रटाळ. पण त्यात वस्तू कधी आली, कितीला आली, देणगी असेल तर कोणी दिली, हे सगळं असतं. वस्तू निकामी झाली की निर्लेखन होतं. यादी होते, वरून मंजुरी येते, मग लिलाव. गोम आहे ती यादीत. यादीत लिहितात, "लाकडी खुर्ची, मोडकी, नग ११". त्या एका 'मोडकी'मध्ये काय काय जातं! अकरातल्या सात खुर्च्यांचा फक्त वेत फाटलेला असतो. सांगाडा सागाचा, ठणठणीत. एका शाळेत मी हे बघितलंय. घेणारा येतो तो नखाने लाकूड खरवडून बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. त्याला कळलेलं असतं. तेच लाकूड पुढे मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पॉलिश होऊन उभं राहतं. आपले जुने वाडे पाडताना खांबांचं आणि दारांचं हेच होतं.

म्हणून सदस्य असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर सही करायच्या आधी वस्तू डोळ्यांनी बघा. उलटी करून बघा. तिच्यावर नंबर, नाव, साल काही आहे का पाहा आणि ते नोंदवहीशी लावून बघा. यादीत लाकूड कोणतं आहे ते लिहायला लावा. साग आणि आंब्याची फळी एकाच रकान्यात जाता कामा नये. गावातल्या जाणत्या सुताराला बोलवा, सांगाडा किती चांगला आहे ते तो पाच मिनिटांत सांगेल. किमान किंमत ठरवताना त्याचं मत कागदावर घ्या. आणि गावात अजून कोणी म्हातारा असेल ज्याच्या वडिलांनी ते टेबल घडवलं, तर ते नाव विचारून नोंदवहीत लिहा. रकाना नसला तर शेऱ्याच्या जागेत लिहा. नोंदवही दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचं तिकीट लागतं.

एक सावध करते. हे ऐकून उद्या अंगणवाडीतल्या खुर्च्या उलट्या करून लाखांची स्वप्नं बघू नका. चंदीगडच्या खुर्चीला भाव आला तो एका विशिष्ट शहराचा आणि माणसाचा. आपल्या तालुक्याची खुर्ची पॅरिसला जाणार नाही. पण सागाचा सांगाडा आहे, वेत भरला तर आणखी वीस-पंचवीस वर्षं कचेरीतच वापरता येईल, हा हिशोब लाखांचा नसला तरी आपला आहे. बंगळूरची एक संस्था, फँटम हँड्स, याच चंदीगडच्या नमुन्यावर नव्या खुर्च्या करते, हाताने वेत विणून. म्हणजे विणणाऱ्या हातांना आज काम आहे. आपल्या भागात असा कारागीर असेल, दृष्टी असलेला किंवा नसलेला, तर त्याच्याकडून गटातल्या दोन मुलींनी हे शिकून घेतलं तर कचेऱ्यांची, शाळांची कामं मिळू शकतील. सामान फार लागत नाही: वेताच्या पट्ट्या, पाण्याची बादली, खुंट्या आणि टोचा.

त्या ताईंनी कालच निरोप पाठवलाय. यादी परत बघायला मागितली म्हणून ग्रामसेवक जरा नाराज झाले, पण लिलाव पुढच्या सभेपर्यंत थांबवलाय. जुन्या इमारतीत वेताच्या नऊ खुर्च्या, एक मोठं टेबल आणि एक काचेचं कपाट आहे. टेबलाच्या खणाखाली खडूने नव्हे, लोखंडाच्या छापाने काहीतरी अक्षरं उमटवलेली आहेत, ती त्यांना वाचता येत नाहीत. मी त्यांना सांगितलंय की ओल्या फडक्याने घासू नका, कोरड्या ब्रशने धूळ काढा, तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि केंद्रावर पाठवा. तुमच्याकडेही असं काही सापडलं तर पाठवा. वाचून सांगू.

नमस्कार.